वाहत्या पाण्यावर लिहिलेली गीतं

माझ्या नवऱ्याचा आवाज मी जवळजवळ सहा महिने पाण्याखाली दाबून धरला होता, आणि वर त्याबद्दल भरल्या चर्चमध्ये शाबासकी घेतली होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणाचं माझ्याबद्दल उगाच चांगलं मत व्हायला नको.

तेव्हा मी बासष्ट वर्षांची पोरगी होते. पोरगीच म्हणायचं तिला. आज पंचाहत्तरीत बसून बघते, तर तिच्याइतकी उथळ बाई त्या वेळी झाशीत दुसरी नसावी. शाळेतून नुकतीच रिटायर झालेली, केसांना मेंदी लावणारी, नाकावर चष्मा आणि चष्म्याच्याही वर आणखी एक नाक असलेली. चार माणसांत कुणी काही विचारलं की उत्तर येवो न येवो, हिचा हात वर.

आम्ही झाशीला आलो ते रेल्वेमुळे. हे गार्ड होते, आधी मालगाडीवर, मग पॅसेंजरवर. माझं माहेर नगरकडचं, चार पिढ्यांचं ख्रिस्ती घर. इथल्या चर्चमध्ये सगळी उपासना हिंदीतून, आणि मराठी घरं आमचं धरून तीन. मुलांना मराठी सगळी कळायची, पण उत्तर यायचं हिंदीत. ह्यांचं मात्र कुठल्याच भाषेवाचून अडत नसे, कारण ह्यांचा गळा होता. खर्जातला, जाड, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. गाणारी मंडळी चाल विसरली की मागे वळून ह्यांच्याकडे बघायची. आणि मी शेजारी उभी, मनापासून बेसूर. कडवं संपलं की ह्यांचं कोपर माझ्या बरगडीत. चर्चच्या फाटकाबाहेर पडलं की ठरलेलं वाक्य, "आज वरच्या पट्टीत बेसूर होतीस की खालच्या, तेवढं सांग." चाळीस वर्षं हे ऐकलं. चाळीस वर्षं मी दर रविवारी फाटकापासून घरापर्यंत फुगून चालले.

मग चर्चला प्रोजेक्टर मिळाला. एका कुटुंबानं वडिलांच्या आठवणीसाठी प्रोजेक्टर, पडदा, लॅपटॉप असं सगळंच दिलं. आता गीतांची पुस्तकं नकोत, शब्द पडद्यावर येणार. पाद्रीसाहेबांनी महिलांच्या बैठकीत विचारलं की कंप्यूटर कुणाला येतो. येणारी पोरं सगळी नोएडाला, नाहीतर पुण्याला. सगळ्या सामोशांकडे बघत बसल्या. तेवढ्यात त्या पोरगीचा हात वर गेला. शाळेच्या ऑफिसातल्या कंप्यूटरवर मला येत होता तो फक्त पत्त्यांचा खेळ. पण हात गेला तो गेला.

घरी सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "बरं झालं. आता मंडळी सुरात गातील."

माझ्यासाठी मागच्या कोपऱ्यात, घंटेच्या जिन्याखाली, प्लायवूडची एक खोली उठवली. खोली म्हणजे काय, उभं कपाटच ते. एक टेबल, एक खुर्ची आणि समोर चौकोनी भोक. भोकातून प्रोजेक्टर बाहेर बघणार, आणि त्याच्या बाजूला चार बोटं जागा उरली त्यातून मी. दार आत उघडायचं, आणि खुर्ची मांडली की ते उघडायला जागा नाही. म्हणून आधी आत जायचं, दार लावायचं, मग टेबलावर ठेवलेली खुर्ची खाली घ्यायची, लॅपटॉप टेबलावर मांडायचा आणि बसायचं. बाहेर पडायचं तर सगळं उलट. लॅपटॉप खाली, खुर्ची वर, मग दार. उपासना चालू असताना ते शक्य नव्हतं. एकदा बसले की शेवटच्या आशीर्वादापर्यंत कोंडून. पंखा लावला की त्याची घरघर माइकमध्ये जायची, म्हणून पंखा बंद. झाशीचा मे महिना, वर प्रोजेक्टरची गरम वाफ. घाम टिपायला हात उचलावा तर तेवढ्यात कडवं संपायचं.

सगळे डोळे मिटून प्रार्थना करायचे, मला डोळे मिटायची सोय नव्हती. पुढची ओळ केव्हा लावायची ते बघायला हवं. गायचीही सोय नव्हती, कारण गाता गाता बोट चुकायचं. प्रभुभोजनाची भाकर पाद्रीसाहेब सगळ्यांना देऊन झाल्यावर मला भोकातून द्यायचे, रेल्वेच्या खिडकीतून तिकीट द्यावं तशी. आणि हे सगळं सोडावं, तर शिकवायला कुणी नाही. खरं म्हणजे दोघीतिघी शिकायला आल्या होत्या. "बहुत कठिन है जी," असं सांगून मीच त्यांना परत पाठवलं. ती पोरगी अशी होती. कोठडीची किल्ली स्वतःच्या कमरेला लावून आत बसलेली.

त्या वर्षी ह्यांना लकवा झाला. सकाळी दाढी करता करता हातातून रेझर पडला, आणि मी "काय झालं" म्हणून विचारलं तर उत्तर आलं नाही. उजवा हात गेला तो थोडा परत आला. बोलणं गेलं ते आलं नाही. समजत सगळं होतं. पण तोंडातून निघायचे तीनच शब्द, "हो", "नको" आणि एक मालगाडीच्या यार्डातला शब्द, जो मी इथे लिहीत नाही. पाद्रीसाहेब घरी भेटायला आले की तो तिसरा निघू नये म्हणून मी मनातल्या मनात प्रार्थना करत बसायची.

डॉक्टर म्हणाले, बोलण्याचा रस्ता अडला आहे, गाण्याचा वेगळा असतो. गाऊन घ्या, काही येतं का बघा. वचन देत नाही.

घरी गाऊन बघितलं. पहिली ओळ यायची, दुसरी अडखळायची, तिसरीला रस्ताच हरवायचा. पुस्तक धरावं तर हात थरथरायचा, बारीक अक्षरात डोळा ओळ सोडून खाली घसरायचा. मला वाटलं, संपलं. तीन महिन्यांनी त्यांना चर्चमध्ये नेलं ते केवळ माणसांत बसावं म्हणून. पुढून तिसऱ्या बाकावर, वाटेच्या बाजूला, काठी लावून बसवलं. शेजारी रेल्वे हॉस्पिटलातून रिटायर झालेली नर्स दीदी होती, तिला सांगितलं लक्ष ठेव, आणि मी माझ्या कपाटात गेले.

तेव्हा पडद्यावर साधं असायचं. काळ्यावर पांढरी अक्षरं, हाताएवढी मोठी, एका वेळी चार ओळी. पहिलं गीत लागलं. पहिलं कडवं झालं, दुसरं लावलं, आणि गर्दीतून तो आवाज आला. जरा फाटलेला, पण शब्द न् शब्द स्वच्छ. तिसरी ओळही आली, चौथीही. मला दिसत होतं ते फक्त त्यांचं टक्कल आणि एक कान. धावत जावंसं वाटलं, पण समोर लॅपटॉप, मागे दार, मध्ये खुर्ची. मी तिथेच बसून रडले आणि बटण दाबायचं विसरले. मंडळींनी दुसरं कडवं दोनदा म्हटलं.

त्यानंतर ह्यांचा आठवडा रविवारपासून रविवारपर्यंतचा झाला. गुरुवारीच शर्ट इस्त्रीला काढून ठेवायचे. सहा दिवस तीन शब्दांत काढलेला माणूस सातव्या दिवशी तासभर सगळी वाक्यं बोलायचा. दुसऱ्याची वाक्यं, गाण्यातली. पण तोंड त्यांचं होतं.

आता माझा पराक्रम.

ज्या कुटुंबानं प्रोजेक्टर दिला त्यांची सून दिल्लीहून आली होती. ती म्हणाली, आंटी जी, हे काळं-पांढरं म्हणजे अगदी स्टेशनवरच्या बोर्डासारखं वाटतं. तिनं मला एक पेनड्राइव्ह दिला. त्यात ढग, धबधबे, मेणबत्त्यांच्या ज्योती, बर्फ, परदेशातलं पिवळं शेत. सगळं हलतं. अक्षरं वरून तरंगायची. सोबत तयार संगीतही होतं, ते वेळेवर लागावं म्हणून मी कानाला हेडफोन लावायला लागले. पहिल्या रविवारी ढग लावले तेव्हा मंडळी माना वर करून बघत राहिली. मला वाटलं, आता हा पडदा म्हणजे माझंच अंगण.

मग मला वाटलं, परदेशी बर्फ कशाला, आपली बेतवा काय वाईट आहे. ओरछ्याला गेले, पुलावर उभी राहिले, मोबाइलवर वाहतं पाणी टिपलं. मोबाइल उभा धरला होता हे मला चर्चमध्ये कळलं. बेतवा छतातून निघून जमिनीकडे वाहायला लागली. तिच्या काठावर एक माणूस आडवा राहून अंगाला साबण लावत होता आणि एक म्हैस भिंतीवरून वर चढत होती. शेवटच्या बाकापासून हसू फुटलं ते वेदीपर्यंत गेलं. पाद्रीसाहेबांनी सांभाळून घेतलं, "चलो, नदी तो अपनी है." एखादी शहाणी बाई तिथेच थांबली असती. ती पोरगी दुसऱ्या आठवड्यात पुन्हा ओरछ्याला गेली, मोबाइल आडवा धरून, म्हैस टाळून. त्या रविवारी उपासनेनंतर पाद्रीसाहेबांनी माझं नाव घेतलं, टाळ्या वाजल्या, आणि मी भोकातून राणीसारखी मान हलवली. पुढे प्रत्येक गीतामागे बेतवा. दुःखाचं गीत असो की सुगीचं, पाणी वाहतंच आहे.

त्या काळात मला ह्यांचं टक्कल अगदी स्थिर दिसायचं. जरासुद्धा हलत नसे. मी मनात म्हणायची, बघा, किती तल्लीन झालेत. शर्ट इस्त्रीला टाकणं बंद झालं होतं, त्याचा अर्थ मी लावलाच नाही. रविवारी सकाळी ते पलंगावरून उठायला वेळ लावायचे, तर मी ओरडायची, "अहो, मला पोचायला हवं, माझ्यावाचून सुरू व्हायचं नाही."

एका रविवारी फाटकाशी नर्स दीदीनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, "भाभी, बुरा मत मानना. भाई साहब ने कब से गाना छोड़ रक्खो है. बस पानी देखत रहत हैं."

मी मानलं नाही. घरी येऊन जेवायच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि त्यांच्या आवडीचं गीत लावलं, मागे बेतवा. ह्यांनी वाचायला सुरुवात केली. डोळे पहिल्या शब्दावर गेले आणि पाण्याबरोबर उजवीकडे निघाले. परत आणले, परत गेले. अक्षराखालून एक लाट पुढे सरकली की त्यांचा चेहरा गाडीत बसून खांब मोजणाऱ्यासारखा व्हायचा. तोंड उघडं, आवाज नाही. मग त्यांनी डोळे मिटून घेतले आणि तिसरा शब्द उच्चारला, यार्डातला.

मी व्हिडिओ काढून टाकला. काळ्यावर पांढरं. ते गायले. चारही ओळी.

मी विचारलं, "अहो, सांगितलं का नाहीत मला?" आणि विचारता विचारताच कळलं की हा प्रश्न त्या दिवसापर्यंत मी केलेल्या सगळ्या मूर्खपणांत पहिला यावा. कशानं सांगणार होते.

आता वाचणाऱ्याला वाटेल, मग काय, पुढच्या रविवारी व्हिडिओ बंद. मलाही तसंच वाटलं होतं. संध्याकाळी पाद्रीसाहेबांकडे निघाले, चप्पल पायात घातली, तर ह्यांनी काठी दारात आडवी धरली. "नको." मी म्हटलं, नुसतं कारण सांगते. "नको." म्हटलं, तुमचं नाव घेत नाही. "नको, नको." जन्मभर ज्याच्याकडे बघून लोकांनी चाल धरली, त्याच्या एकट्यासाठी चर्चचा पडदा बदलला हे त्यांना चालणार नव्हतं. मला शपथ घालायला त्यांच्याकडे शब्द नव्हते, म्हणून त्यांनी माझा हात नुसता धरून ठेवला, सुटेना इतका वेळ. मी चप्पल काढली.

नाव न घेता एकदा पाद्रीसाहेबांना सुचवून बघितलं की साधंच बरं दिसतं. ते हसले. म्हणाले, माताजी, तुमच्या बेतवामुळे लोक यायला लागलेत, त्या कुटुंबालाही किती आनंद झालाय, आणि आता वडिलांच्या आठवणीच्या रविवारी सगळे येणार आहेत, दिल्लीहूनसुद्धा. त्या दिवशी खास काहीतरी करा.

म्हणजे कोठडी मी बांधून घेतली, दार मी लावलं, आणि आता बाहेरून सगळे टाळ्या वाजवत होते.

पुढचे तीन रविवार फार वाईट गेले. आधी मला दिसत नव्हतं, आता दिसत होतं. पाणी हळू वाहायला लावलं. अक्षरं जाड केली, त्यांना काळी कड दिली. मी हेडफोनची एक बाजू कानावरून सरकवून ऐकायची, काही यायचं नाही. समोर ते स्थिर टक्कल. दर ओळीला मीच माझ्या बोटानं त्यांचं तोंड बंद करत होते, आणि उठून जायला जागा नव्हती. त्या दिवसांत मला श्वास कोंडल्यासारखं व्हायचं. प्रोजेक्टरची गरमी, म्हणून मी इतरांना सांगितलं.

वडिलांच्या आठवणीच्या रविवारी पुढचे दोन बाक त्या कुटुंबानं भरले. मी सकाळी आंघोळ केली, चांगली साडी नेसले आणि पेनड्राइव्ह घरातल्या डाळीच्या डब्यात, तळाशी, पुरून ठेवला. लॅपटॉपमधलं होतं तेही रात्रीच पुसून टाकलं होतं. शाळेत पोरांना खोटं बोलताना पस्तीस वर्षं पकडलंय मी. चेहरा कसा ठेवायचा नाही ते मला चांगलं माहीत होतं.

पहिलं गीत लागलं. काळ्यावर पांढरं. पाद्रीसाहेब मागे येऊन भोकाशी वाकले, "माताजी, नदी?"

मी म्हटलं, "वायरस आ गया, पादरी साहब. सब खा गया."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग तिसऱ्या बाकाकडे बघितलं. कारण तेवढ्यात तिकडून तो आवाज सुरू झाला होता, पहिल्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीपासून. ते सरळ पुढे निघून गेले. तो व्हायरस पुढे आमच्या चर्चमध्ये दीड वर्ष राहिला. कमिटीत कुणी नवा लॅपटॉप घेऊ म्हटलं की पाद्रीसाहेबच म्हणायचे, "रहने दो, अभी चल रहा है." त्यांना मी कधी सांगितलं नाही आणि त्यांनी कधी विचारलं नाही. आता तिथे भिंतभर पडदा आहे आणि माझी नात तिच्या मोबाइलवरून सगळं चालवते. धबधबे लावते. मी म्हणते, "अगं, अक्षरं तरी स्थिर ठेव." ती म्हणते, "आजी, आप मूड ख़राब करती हो." आणि मी मागे वळले की ठेवते. तिसऱ्या बाकावर आता हे नाहीत, पण दुसरे म्हातारे आहेत.

पण तो रविवार अजून संपला नव्हता. शेवटचं गीत चार ओळींचं. एकदा लावलं की माझं काम संपलं. मी त्या चार ओळी लावल्या, हेडफोन काढला, लॅपटॉप उचलून जमिनीवर ठेवला, खुर्ची टेबलावर चढवली. ती प्लायवूडवर आपटून मोठा आवाज झाला, लोकांनी मागे बघितलं. बघू देत. दार उघडलं आणि मधल्या वाटेनं सरळ चालत गेले. नर्स दीदी सरकली. मी ह्यांच्या शेजारी बसले, दीड वर्षानंतर, आणि गायले. घसा गरमीनं सुकलेला, सवय गेलेली, चाल एका बाजूला आणि मी दुसऱ्या. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पडद्याकडे बघत चारही ओळी पुऱ्या केल्या. नंतर मंडळींनी त्या पुन्हा म्हटल्या, तेव्हा पुन्हा.

आशीर्वाद झाला. लोक त्या कुटुंबाला भेटायला पुढे गेले. आम्ही हळूहळू बाहेर आलो, काठी एका हाताला, मी दुसऱ्या. फाटकापाशी ते थांबले. मला वाटलं दमले. ओठ हलायला लागले, नुसतेच, आवाजाशिवाय. मी त्या तीन शब्दांपैकी कुठला येतो त्याची वाट बघत उभी राहिले, आणि तिसरा आला तर ऐकायला कोण आहे म्हणून इकडेतिकडे बघितलं. त्यांनी कोपर उचललं, ते डावं, चांगलं, आणि हलकेच माझ्या बरगडीत मारलं. मग म्हणाले,

"अजून... बेसूरच."